काशिरामची दोन पावलं

सुकापूरच्या स्वस्तिश्री सोसायटीत दुपारचे साडेबारा वाजल्याचं कळायला घड्याळ लागत नसे. काशिरामचे पाय ऐकू आले की बायका गॅस बारीक करून जिन्याकडे बघायच्या. उजवा पाय टपकन पडायचा आणि डावा मागून खर्र करत फरफटत यायचा. टप, खर्र. टप, खर्र. शाळेची पिवळी बस आतल्या अरुंद गल्लीत वळत नसे. म्हणून काशिराम रोज नाक्यावर जाऊन उभा राहायचा आणि सोसायटीतली पाच-सहा चिल्लीपिल्ली गोळा करून परत आणायचा.

तो हुद्द्याने वॉचमन. पण आमच्याकडच्या वॉचमनला गेटवर बसायला कधी कोणी देतं का? पंप चालू कर, टाकी भरली की बंद कर, गच्चीवरच्या पापडांवरचे कावळे हाक, कुणाचा गॅस आला तर सही कर. काशिराम हे सगळं करायचा आणि वर चार मजल्यांच्या चौकशाही करायचा. मूळचा तो सुकापूर गावातलाच. तरुणपणी कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात माल उतरवायला जायचा. एकदा ट्रकवरून पत्र्याची थप्पी सरकली आणि डावा पाय खाली आला. पाय राहिला, पण घोट्यातून वाकडा तो वाकडाच राहिला. पाऊल टाकताना त्याचा डावा खांदा खाली जायचा, मान थोडी पुढे यायची, मग सगळं अंग पुन्हा वर उचललं जायचं. घरी बायको गोदू. मूलबाळ नाही. सोसायटीतली पोरं मात्र त्याला इतकी चिकटलेली असायची की नवख्या माणसाला ती त्याचीच नातवंडं वाटावीत.

आयांना तो बससाठी का आवडायचा, त्याचं कारण मोठं मजेशीर होतं. काशिरामबरोबर चालताना पोरांना पळताच येत नसे. रस्त्याने डंपर धडधडत जायचे, पण काशिराम हळू चालणार म्हणून पोरंही हळू चालणार. दुसऱ्या मजल्यावरची पाच वर्षांची हादिया तर त्याच्या डाव्या हाताचं बोट धरायची आणि त्याच्यासारखाच डावा पाय घासत चालायची. तिची आई शाजिया वैतागायची. "काका, बघा ना, हिच्या सँडलची एकच बाजू झिजते! दुकानवाला विचारतो, पोरीला काही झालंय का?"

काशिराम तोंडभर हसायचा. "ती माजी शागीर्द हाय."

आता अनुष्काबद्दल. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनीताबाईंची ही एकुलती एक लेक. चित्रकला चांगली, म्हणून अ‍ॅनिमेशन शिकली आणि बेलापूरच्या एका स्टुडिओत लागली. परदेशातल्या कंपन्या व्हिडिओ गेम बनवायच्या आणि त्यातली किचकट कामं तुकड्या-तुकड्यांनी इकडे पाठवायच्या. कुणी दारं उघडायची-लावायची, कुणी भिंतींवरची ओल रंगवायची, कुणी नुसते हात हलवायचे. अनुष्का माणसांना चालवायची. "आमची अनू कॉम्प्युटरमध्ये माणसं चालवते," असं सुनीताबाई भाजीवाल्यालासुद्धा सांगायच्या.

२०१४च्या उन्हाळ्यात तिच्या गटाकडे एक मोठं काम आलं. अमेरिकेत एका खुन्यावरच्या सिनेमांची मालिका होती. आठ भाग झाले होते. काचेच्या कारखान्यातला एक कारागीर, तोंडावर धुरकट काचेचा मुखवटा, हातात काच फुंकायची लांब लोखंडी नळी, आणि प्रत्येक भागात तो जमेल तितकी माणसं मारायचा. आता त्या सिनेमांवरून गेम निघणार होता. खेळणाऱ्याच्या हातात शस्त्र काहीच नाही. बंद पडलेल्या कारखान्यात लपत-छपत जीव वाचवायचा, एवढाच खेळ. खुनी कधी पळत नाही. तो चालत येतो. पण तुम्ही पळालात की त्याला पावलं ऐकू येतात, आणि मग तुमची सुटका नाही.

अनुष्काकडे आलं ते या खुन्याचं चालणं. सिनेमात तो लंगडायचा. तिने आठही भाग बघितले, कागदावर पावलं मांडली, आणि तीन आठवडे जे जे करून पाठवलं ते ते परत आलं. "हा लंगडण्याचं सोंग करतोय," असा शेरा यायचा. "खरं दुखणं दिसत नाही." ऑफिसातले लोक तिच्याशी जपून बोलायला लागले, आणि त्याचा तिला जास्त राग यायचा.

एका शनिवारी ती खिडकीत चहा घेऊन उभी होती. खाली काशिराम पंपाकडे निघाला होता. टप, खर्र. चहा तसाच हातात राहिला. ज्याच्यासाठी ती तीन आठवडे डोकं आपटत होती ते गेली कित्येक वर्षं तिच्या खिडकीखालून येत-जात होतं.

ती कॅमेरा आणि तो उभा करायचं तिकाटणं घेऊन धावत खाली गेली. "काका, तुमचं चालणं शूट करू? माझ्या कामासाठी हवंय."

"माज्या चालीत काय हाय बगन्यासारका?" काशिराम म्हणाला. "चांगल्या पायाचा कोनतरी बग."

"नाही काका, तुमचंच पाहिजे."

तुमचंच पाहिजे म्हटल्यावर माणूस विरघळतो. काशिरामने नळावर तोंड धुतलं, केस बसवले आणि खुंटीवरचा धुतलेला शर्ट घालून आला. कंपाउंडच्या भिंतीलगत तिने त्याला चालायला लावलं. समोरून, बाजूने, पाठीमागून. चौदा वेळा. तिने नंतर मोजलं, कारण त्या चौदा फिती तिच्याकडे अजून आहेत. ऊन चढलं होतं. दोनदा तो मध्येच पाण्याच्या टाकीजवळ थांबला, भिंतीला हात लावून उभा राहिला, डोळे मिटले, ओठ दाबले. अनुष्काने ते पाहिलं. पाहिलं नाही असं ती म्हणू शकत नाही, कारण कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तिचीच नजर होती.

"काका, थांबू नका ना," ती म्हणाली. "एकदाच, सलग."

तो सलग चालला. त्याचा खांदा आणखी खाली गेला, मान आणखी पुढे आली, पाय आणखी जोराने घासला. हेच ते, असं तिच्या मनात आलं आणि तिला आनंद झाला. खरं सांगायचं तर टाळ्या वाजवाव्यात इतका आनंद झाला.

मग खुर्चीत बसून घाम पुसताना त्याने विचारलं, "पन यो कशाला?"

"गेम आहे, काका. त्यात एक माणूस चालतो."

"कोन मानूस?"

अनुष्का कॅमेरा पिशवीत घालत होती. "कारखान्यात काम करणारा आहे एक."

"म्हंजे माज्यासारका."

"हो," अनुष्का म्हणाली.

एवढ्या एका 'हो'साठी तिने पुढे स्वतःला किती शिव्या घातल्या त्याला गणती नाही. तेव्हा मात्र तिला घाई होती. चौदा फितींमधून तिने दोनच पावलं घेतली, एक उजवं आणि एक डावं. या कामात तेवढीच लागतात. ती एकापुढे एक जोडत गेलं की माणूस जन्मभर चालत राहतो. थांबलेला काशिराम तिने कापून टाकला. तिकडून निरोप आला: अंगावर काटा आला, असंच पाहिजे होतं.

पुढच्या वर्षी गेम आला आणि जगभर गाजला. खेळणारे त्या चालीबद्दलच बोलायचे. अनुष्काला बढती मिळाली. सुनीताबाईंनी ही बातमी सेक्रेटरी बाळूकाकांच्या कानावर घातली, आणि बाळूकाकांना तर सत्कार करायला माणूसच हवा असतो. दहावीत पंचाहत्तर टक्के मिळाले तरी त्यांची शाल तयार. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की खाली पार्किंगमध्ये अनुष्काचा सत्कार करायचा ठरलं. कुणाचा तरी मोठा टीव्ही खाली आणला, सतरंज्या घातल्या, पोरांना पुढे बसवलं.

शाल, श्रीफळ, टाळ्या. अनुष्काला माईक दिला. समोर आई रडत होती, बाळूकाका तिच्या कर्तबगारीचं कौतुक करून थकले होते, आणि मागे गेटपाशी काशिराम तिरंग्याची छोटी पिन शर्टाला लावून उभा होता. तिला भरून आलं. सगळं श्रेय आपण एकट्याने घेणं तिला बरं वाटेना. म्हणजे तेव्हा तिला तसं वाटलं. पुढे तिने स्वतःला बरंच खोदून विचारलं, तेव्हा त्या मोठेपणात आपल्याला आणखी थोड्या टाळ्या हव्या होत्या हेही तिला कबूल करावं लागलं.

"ही चाल माझी नाही," ती माईकवर म्हणाली. "ही आपल्या काशिरामकाकांची आहे. काका, पुढे या."

मग काय विचारता. बाळूकाकांनी उरलेली शाल काशिरामच्या खांद्यावर टाकली. कुणीतरी टीव्ही लावला. पडद्यावर अंधारा बोळ, टेबलाखाली तोंडावर हात दाबून बसलेली मुलगी, आणि लांबून येणारा आवाज. टप, खर्र. टप, खर्र. धुरकट मुखवट्याचा तो माणूस नळी ओढत आला.

"अरे, हुबेहूब!" कुणीतरी ओरडलं. "काका, चालून दाखवा!"

काशिराम लाजला, पण शाल सावरून टीव्हीसमोर चालला. पडद्यावर तो आणि पडद्याखाली हा, पावलाला पाऊल जुळलेलं. मोठी माणसं हसली, शिट्ट्या पडल्या. टेबलाखालच्या मुलीची किंकाळी आली आणि त्याच वेळी पुढच्या रांगेतली हादिया तशीच किंचाळून शाजियाच्या अंगावर चढली. लहान आहे, विसरेल, असं अनुष्काने मनाला सांगितलं आणि फोटोसाठी उभी राहिली. त्या फोटोत काशिराम तिच्यापेक्षा जास्त हसतो आहे.

हादिया विसरली नाही. कुणीच विसरलं नाही. आठवड्याभरात मोठ्या मुलांनी पार्किंगमध्ये नवा खेळ काढला. एकाने पाय घासत यायचं, बाकीच्यांनी गाड्यांमागे लपायचं, जो पळेल तो मेला. खेळाचं नावच काशिराम. धाकटी पोरं कडेला बसून डोळे विस्फारून बघायची. खरा काशिराम गेटमधून आत आला की मोठी मुलं "आला रे आला" करून पांगायची.

बिचाऱ्याला वाटलं, पोरं खेळतायत. तोही खेळायला लागला. दोन्ही हात वर करून "हाऊ" करायचा आणि पोरं पळाली की पोट धरून हसायचा. तिसऱ्या मजल्यावरून अनुष्का ते बघायची. खाली जाऊन 'काका, नका करू असं' म्हणावं असं तिला दहादा वाटलं. पण मग का नको, तेही सांगावं लागलं असतं. ती खिडकी लावून घ्यायची.

एके दिवशी बस नाक्यावर येऊन थांबली आणि हादिया उतरेना. सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून ती रडत होती. काशिराम बसच्या दारात उभा राहून "ये, माजे बाय, चल घरी," म्हणत होता आणि तो जितकं बोलायचा तितकी ती आत सरकायची. तिचं बघून आणखी दोघं रडायला लागली. शेवटी शाजिया पिठाच्या हातांनी धावत आली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच बसवर गेली. "काका, तुम्ही उगाच तकलीफ घेऊ नका," ती मान खाली घालून म्हणाली. "मीच आणते हिला. थोडे दिवस." शाजिया भली बाई. तिला ते बोलताना किती जड गेलं असेल! पण हळूहळू बाकीच्या आयाही जायला लागल्या, आणि मग बाळूकाकांनी फर्मान काढलं की साडेबारा ते एक काशिरामने पंपाच्या खोलीत बसावं. पोरं घाबरतात, कशाला उगीच. ज्या माणसाने त्याला शाल घातली त्यानेच हे सांगितलं, आणि दोन्ही वेळा त्याचा हेतू चांगलाच होता.

महिनाभराने एका शनिवारी अनुष्का जिन्यात चपला शोधत असताना मागून एकदम "कुटं चाललीस?" असं ऐकू आलं. ती दचकली. काशिराम अगदी जवळ येऊन उभा होता आणि तिला त्याची चाहूल लागली नव्हती. तिने खाली बघितलं. त्याच्या डाव्या चपलेच्या तळाला सायकलच्या ट्यूबचा जाड तुकडा शिवलेला होता. पाय घासत होता, पण आवाज येत नव्हता.

"यो होय?" तिची नजर बघून तो म्हणाला. "गोदूने शिवून दिला. पोरा दचकतात ना आवाजाला."

अनुष्का घरात गेली आणि मोरीचं दार लावून रडली. मग तोंड धुतलं, लॅपटॉप घेतला आणि पंपाच्या खोलीत गेली. दुपारचे बारा वाजून गेले होते. काशिराम डबा खाऊन उपड्या बादलीवर बसला होता.

"काका, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं," ती उभ्या-उभ्याच म्हणाली. "तो कारखान्यातला कामगार वगैरे नाही. तो खुनी आहे. माणसं मारतो. मी तुमची चाल त्याला दिली. सगळं माझ्यामुळे झालं."

काशिरामने डब्याचं झाकण लावलं. "मना डोले नाय व्हय? टीवीवर बगला ना मी."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तू शाल घालून उबी व्हतीस. आई रडत व्हती तुजी." तो थोडा सरकला. "दाव बगू नीट. त्या दिवशी गर्दीत काय दिसलाच नाय."

तिने लॅपटॉप बादलीशेजारच्या खोक्यावर ठेवला. धुरकट मुखवट्याचा माणूस बोळातून चालत राहिला. काशिराम पुढे वाकून बघत होता. ती रागाची वाट बघत होती. त्याने चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"यो थांबतो कवा?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

"थांबत नाही, काका."

"दमत नाय?"

"नाही. त्याला तसं बनवलंच नाही."

"मी त थांबलो व्हतो," तो म्हणाला. "टाकीजवल. दोन टायमाला. तू बोललीस, थांबू नका."

अनुष्का खाली जमिनीवर बसली.

"ता ठेवायचा व्हता गो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सहन होईना. "थांबलेला बगला असता त पोरांनी मना वलखला असता. मी त्यांच्यासंगती रोज थांबायचो ना. नाक्यावरून येताना, निम्म्या वाटंवर, रस्त्याकडच्या भिंतीला. हादिया त माजी पाट दाबायची, म्हनायची, काका, चार्जिंग झाला?"

पंपाच्या खोलीत मोटरीचा आवाज भरून राहिला होता. अनुष्काने लॅपटॉप मिटला. पडद्यावरचा तो माणूस आता तिचा राहिला नव्हता. ती झोपली तरी तो कुठल्या ना कुठल्या देशात चालत असणार होता.

"काका, आज मी येते तुमच्याबरोबर नाक्यावर," ती शेवटी म्हणाली. "शाजियाभाभींना सांगते. मी असले तर हादिया घाबरणार नाही."

काशिराम नको नको म्हणाला, पण उठून त्याने तोंड धुतलं आणि केस बसवले. ते बघताना तिला शूटिंगचा दिवस आठवला. शाजियाला तिने फोन केला. शाजिया म्हणाली, "जा, बाई. मलाही रोज चुकल्यासारखं वाटतं. बघ जमलं तर."

बस आली. अनुष्का दारात उभी राहिली आणि काशिराम चार पावलं मागे, विजेच्या खांबाच्या आडोशाला. हादिया पायरीवर आली, तिने अनुष्काला बघितलं, मग खांबामागचा शर्ट बघितला. ती रडली नाही. ती खाली उतरली आणि तिने अनुष्काचा हात गच्च धरला. जमेल, अनुष्काला वाटलं. रोज आलो तर आठ-पंधरा दिवसांत जमेल.

बाकीची पोरं आपापल्या आयांबरोबर पुढे गेली, मग ही तिघं निघाली. पुढे या दोघी, मागे काशिराम. रस्त्याने एक डंपर गेला. त्याच्या आवाजाने दचकून अनुष्काने पाय उचलला, तशी हादियाने तिचा हात खाली ओढला.

"ताई, हळू चाल," ती कुजबुजली. "पळायचं नाही. पळालं की त्याला ऐकू येतं."

अनुष्काने खाली बघितलं. पोरगी दोन्ही पावलं सारखी, टाचा उचलून, आवाज न करता टाकत होती. सँडल नवे होते आणि त्यांची कुठलीच बाजू झिजली नव्हती. ती पूर्वीइतकीच हळू चालत होती. सोसायटीतल्या कुठल्याही आईने गच्चीतून बघितलं असतं तर तिला काही बदलल्याचं कळलंही नसतं.

काशिरामने ऐकलं होतं. मागे वळून न बघताही अनुष्काला ते कळलं, आणि मग ती वळली. तो निम्म्या वाटेवरच्या त्या भिंतीला हात लावून उभा होता. या वेळी तो दमला म्हणून थांबलेला नव्हता. त्याने दुसऱ्या हाताने त्यांना पुढे जायची खूण केली.

काका, थांबू नका, असं तिला ओरडून सांगायचं होतं. अगदी त्याच शब्दांत. ते तिच्या तोंडातून बाहेर आलं नाही. हादिया तिचा हात ओढत होती, म्हणून ती तिच्याबरोबर हळू-हळू चालत गेटपर्यंत आली, आणि मागून कसलाच आवाज आला नाही.